टर्बो एस्प्रिटला कुठला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर)? जुना डेल्को ठेवायचा की काढून स्टँडअलोन टाकायचा?

बूस्टगेज

विषय 1989 नंतरच्या लोटस एस्प्रिट टर्बो एसईचा आहे, पण तेव्हाची कुठलीही टर्बो एक्झॉटिक असली तरी भांडण हेच असतं. 2174 सीसी, चार सिलेंडर, एक गॅरेट टर्बो, टर्बोची तापलेली हवा पाण्याने थंड करणारा चार्जकूलर, 264 हॉर्सपॉवर, आणि हे सगळं सांभाळायला जीएमचा डेल्को ईसीयू, चिपवर मॅप (किती पेट्रोल, कधी स्पार्क याचे तक्ते) जाळलेला. त्या काळासाठी उत्तम काम होतं, वादच नाही. पण आज इंजिन उघडून नव्याने बांधत असाल तर माझं स्पष्ट मत आहे की डेल्को काढा आणि चांगला स्टँडअलोन, म्हणजे मॅप स्वतः लावता येणारा वेगळा ईसीयू, टाका, मोटेक, लिंक, हॅल्टेक, ईसीयूमास्टर, जो झेपेल तो.

हे मी पॉवरसाठी म्हणत नाहीये. पॉवर डेल्कोवर चिप बदलूनही वाढते. माझा मुद्दा इंजिन वाचवण्याचा आहे. डेल्कोला फ्युएल प्रेशर कळत नाही, ऑइल प्रेशर कळत नाही, आणि फुल बूस्टवर (टर्बो हवा पूर्ण जोरात दाबत असताना) मिक्स्चर खरंच किती आहे तेही कळत नाही कारण त्याचा लॅम्बडा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघणारा) नॅरोबँड आहे, तो फक्त हवा-पेट्रोलच्या 14.7 या प्रमाणाच्या आसपास रिच (पेट्रोल जास्त) की लीन (पेट्रोल कमी) एवढंच सांगतो. म्हणजे ज्या क्षणी पिस्टन वितळू शकतो नेमक्या त्याच क्षणी ईसीयू टेबलमधला आकडा वाचून पेट्रोल टाकतोय आणि पुढे काय झालं ते त्याला माहीतच नाही.

मूळलूम

पूर्ण असहमत. डेल्कोला काहीच कळत नाही असं तुम्ही लिहिलंय, पण त्याला नॉक (सिलेंडरमधलं अवेळी, धडाक्याने होणारं ज्वलन) ऐकणारा सेन्सर आहे, मॅनिफोल्ड प्रेशर आहे, आत येणाऱ्या हवेचं तापमान आहे, वेस्टगेटचा (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेचा) सोलेनॉइडही तोच चालवतो. नॉक आला की स्पार्कचं टायमिंग मागे घेतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तो मॅप कारखान्यातल्या लोकांनी महिनोन् महिने बसून केलाय. थंडीत स्टार्ट, तापलेल्या इंजिनला परत स्टार्ट, उंचावर, उन्हात ट्रॅफिकमध्ये एसी चालू, हे सगळं बघून.

आता स्टँडअलोन टाकलेल्या गाड्या बघा. डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) फुल थ्रॉटलचे रन मारतात, ग्राफ प्रिंट करतात, मालक खूश. व्हीई टेबल (आरपीएम आणि मॅनिफोल्ड प्रेशरप्रमाणे सिलेंडर किती भरतो याचा तक्ता) 16 बाय 16 धरलं तरी 256 घरं होतात, त्यातल्या किती घरांतून तो रन जातो? वरची एक ओळ. बाकीच्या घरांत, म्हणजे जिथे गाडी 95 टक्के वेळ असते तिथे, अंदाजाने आकडे ओढून भरलेले असतात. मग सकाळी स्टार्ट होत नाही, सिग्नलला बंद पडते, साठच्या स्पीडला धरून चालवली की हिसके देते. अशा गाड्या मी बऱ्याच पाहिल्यात आणि त्यातल्या काही शेवटी परत डेल्कोवर आल्यात.

एक्झॉटिकचा आणखी एक प्रश्न आहे, मूळपणाचा. लूम (गाडीचं मूळ वायरिंग) कापलात की ते परत येत नाही.

बूस्टगेज

लूम कापायला कोणी सांगितलं? मूळ कनेक्टरला जुळणारा अडॅप्टर लूम बनवता येतो, डेल्को पेटीत जपून ठेवा, हवा तेव्हा परत जोडा.

नॉकबद्दल, नॉक सेन्सर ऐकतो तेव्हा नॉक झालेला असतो. मला त्याच्या आधीचं हवंय. एक उदाहरण देतो, आकडे कागदावर तपासून बघा. इंजेक्टरवर बेस प्रेशर 3 बार, म्हणजे 300 किलोपास्कल, आणि रेग्युलेटर मॅनिफोल्डला जोडलेला, त्यामुळे 0.8 बार बूस्ट आला की रेलमधलं प्रेशरही 0.8 ने वाढलं पाहिजे, फरक कायम 300 च राहिला पाहिजे. आता पंप म्हातारा झालाय किंवा फिल्टर चोंदलाय, आणि 5200 आरपीएमला तो फरक 240 वर आला. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल प्रेशरच्या वर्गमुळाने बदलतं, म्हणजे साधारण साडेदहा टक्के कमी. लॅम्बडा (1 म्हणजे नेमकं 14.7, त्याखाली रिच) 0.80 ठेवला होता तो 0.89 वर गेला. आवाजात फरक नाही, खेचण्यात फरक नाही, उलट गाडी जरा जास्तच मोकळी पळते. आणि थोड्याच वेळात पिस्टनची कड जाते.

स्टँडअलोनला फ्युएल प्रेशरचा एक सेन्सर दिला की तो हा फरक बघतो, 270 च्या खाली गेला की बूस्ट तोडतो. एवढ्या एका सेन्सरसाठी मी डेल्को काढीन.

चाकदात

मधे बोलतो. दोघांचं म्हणणं वाचलं, पण ट्रिगरबद्दल (क्रँक कुठे आहे हे ईसीयूला सांगणाऱ्या सिग्नलबद्दल) कोणीच काही लिहिलं नाही आणि माझ्या अनुभवात स्टँडअलोनची निम्मी दुखणी तिथून येतात. क्रँक सेन्सर मॅग्नेटिक आहे, इंजिन क्रँक होताना त्याचा सिग्नल अगदी बारीक आणि वर आरपीएमला भरपूर मोठा. ईसीयूमध्ये त्याची पातळी आरपीएमप्रमाणे लावावी लागते. सेन्सरच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या तर गाडी स्टार्ट होते, आयडलही होते, पण टायमिंग आरपीएमसोबत सरकत जातं. 6000 आरपीएमला एक फेरा 10 मिलिसेकंदात होतो, म्हणजे एक डिग्री साधारण 28 मायक्रोसेकंद. इतक्या बारीक वेळेत चूक लपून बसते आणि स्क्रीनवर आकडा बरोबरच दिसत राहतो.

म्हणून मॅपिंगला हात लावण्याआधी टायमिंग फिक्स करून टायमिंग लाइट लावा, 1000 ला बघा, 5000 ला बघा, खूण एकाच जागी दिसली पाहिजे. जो ट्यूनर हे न करता लॅपटॉप उघडतो त्याला गाडी देऊ नका.

आणि मूळ इग्निशन वेस्टेड स्पार्कवर आहे (दोन सिलेंडरना एकदमच स्पार्क), पूर्ण सिक्वेन्शियल इंजेक्शन (प्रत्येक सिलेंडरला त्याच्या पाळीने पेट्रोल) हवं असेल तर कॅम सेन्सर बसवावा लागेल, ते काम धरून चला. माझ्या मते या गाडीला त्याची गरजही नाही.

मूळलूम

@चाकदात, हेच तर मी म्हणतोय. हे सगळं डेल्कोमध्ये आधीच सुटलेलं आहे.

@बूस्टगेज, तुमचं पेट्रोलचं गणित बरोबर आहे, त्यावर वाद नाही. पण त्यासाठी पूर्ण ईसीयू कशाला? फ्युएल प्रेशर सेन्सर, वाइडबँड गेज (खरं मिक्स्चर आकड्यात दाखवणारं), आणि एक छोटं कंट्रोलर जे प्रेशर पडलं की वेस्टगेट सोलेनॉइडची लाइन तोडेल. सोलेनॉइड बंद झाला की बूस्ट वेस्टगेटच्या स्प्रिंगवर येतो. डेल्कोला हातही लावला नाही आणि काम झालं. शिवाय डेल्कोचा डेटा जुन्या एएलडीएल (बिघाड तपासायच्या) पोर्टमधून लॅपटॉपवर घेता येतो, फ्रीस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे, नॉकचे काउंट, हवेचं तापमान सगळं दिसतं. लोक हे न बघताच डेल्कोला आंधळा म्हणतात याचा मला खरंच राग येतो.

सोल्डरजॉइंट

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा. पस्तीस वर्षांपूर्वीचा बोर्ड आहे हा. कॅपॅसिटर वाळतात, सोल्डरला केसासारख्या भेगा पडतात, कनेक्टरच्या पिना ढिल्या होतात आणि काळवंडतात, आणि चिपच्या खिडकीवरचं स्टिकर निघालेलं असेल तर उजेडाने पुसलं जाऊ शकतं, त्यामुळे त्यात साठवलेलंही कायमचं धरू नका. इंजिनजवळची उष्णता आणि कंपन यात भर घालतात. मूळ कॅलिब्रेशन कितीही उत्तम असलं तरी ते चालवणारी पेटी थकलीय. डेल्को ठेवणार असाल तर आधी चिपमधला डेटा वाचून दोन ठिकाणी ठेवा, बोर्डचे कॅपॅसिटर बदला, आणि मगच त्याच्यावर विश्वास टाका. गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि तासाभराने आपोआप सुरू होते, ही तक्रार आली की मी आधी बोर्ड उघडतो.

बूस्टगेज

@मूळलूम, वेगळं कंट्रोलर म्हणजे आणखी एक पेटी, आणखी कनेक्टर, आणि दोन मेंदू जे एकमेकांशी बोलत नाहीत. कंट्रोलरने बूस्ट तोडला हे डेल्कोला कळत नाही, आणि घटनेचा सगळा लॉग एका ठिकाणी मिळत नाही. काही बिघडलं तर मला एकाच टाइमलाइनवर आरपीएम, मॅनिफोल्ड, फ्युएल प्रेशर, लॅम्बडा, हवेचं तापमान असं सगळं बघायचंय.

चार्जकूलरचंच घ्या. या गाडीत त्याचा पाण्याचा पंप इम्पेलर झिजून हळूहळू मरतो ही जुनी ओळखीची गोष्ट आहे. आतली हवा 40 डिग्रीवरून 75 वर गेली की हवेची घनता दहा टक्के घटते. डेल्को तापमान बघून सावरतो, मान्य. पण मला पाण्याचं तापमानही वेगळं बघायचंय, म्हणजे हवा तापायच्या आधी पंप मेलाय हे कळेल आणि त्याच क्षणी बूस्ट खाली आणता येईल. हे एकाच पेटीत चार ओळींच्या सेटिंगने होतं.

मॅपफाइल

वाद रंगलाय, पण विकत घेणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट. ब्रँड निवडण्याआधी माणूस निवडा. मोटेक अप्रतिम आहे, पण तुमच्या ट्यूनरने आयुष्यभर लिंकच केलं असेल तर लिंक घ्या. मोटेकच्या जुन्या मालिकांमध्ये काही सोयी वेगळे पैसे देऊन उघडाव्या लागत, त्यामुळे लॉगिंग मेमरी वगैरे आधी विचारून घ्यायची. मेगास्क्वर्ट स्वस्तात सगळं करतं, पण वायरिंग आणि धीर दोन्ही तुमचे, आणि टर्बो इंजिनवर शिकायची ती जागा नाही असं माझं ठाम मत आहे.

ट्यूनरला काय विचारायचं तेही सांगतो. आधी केलेल्या टर्बो गाडीचा थंड स्टार्टचा लॉग दाखवा म्हणावं, फुल थ्रॉटलचा नको. लॅम्बडा कुठल्या आरपीएमला आणि कुठल्या बूस्टला किती ठेवता, आणि का. दुय्यम इंजेक्टरचं काय करणार, कारण एसईला मुख्य चार आणि वर प्लेनममध्ये (इंजिनला हवा वाटणाऱ्या पेटीत) दोन जास्तीचे आहेत, ते बूस्टवर सुरू होतात. ते सुरू होतात त्या ठिकाणी मिक्स्चरला धक्का न बसू देणं हे खरं कौशल्याचं काम आहे. अनेक जण हे दोन काढून मोठे चार टाकतात, पण मग आयडलला इंजेक्टर इतका थोडा वेळ उघडतो की त्याचा डेड टाइम (करंट मिळाल्यापासून उघडेपर्यंतचा वेळ) अचूक नसेल तर आयडल डळमळतं.

मूळलूम

दुय्यम इंजेक्टरवर पूर्ण सहमत, आणि तेच माझं उत्तर आहे. ज्यांनी हा धक्का कारखान्यात घालवला त्यांचं काम मी फेकणार नाही. माझ्या गाडीत डेल्को राहील, बोर्ड दुरुस्त करून, वाइडबँड आणि प्रेशर सेन्सर लावून.

बूस्टगेज

आणि माझ्यात स्टँडअलोन जाईल, दुय्यम इंजेक्टर जागच्या जागी ठेवून. @मॅपफाइल, ट्यूनर मॅपवर पासवर्ड टाकून देतात त्याचं काय? मी पैसे देऊन करून घेतलेला मॅप मलाच उघडता येणार नसेल तर उद्या तो माणूस नसला की गाडी उभी.

मॅपफाइल

कामाला सुरुवात करण्याआधी लेखी घ्या, फाइल उघडी मिळेल असं. नाही म्हणाला तर दुसरा शोधा. आणि मिळाली की पहिल्याच दिवशी तुमच्या लॅपटॉपवर ती उघडून बघा, सॉफ्टवेअरच्या व्हर्जनसकट जपून ठेवा, कारण नव्या व्हर्जनमध्ये जुनी फाइल उघडताना काही सेटिंग्ज बदललेल्या सापडतात.