आखाजीची गाणी स्टेजवर न्यायची का ओसरीवरच राहू द्यायची?

तापीकाठ:
यंदा आखाजीला, म्हणजे आपल्या खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेला, आमच्या गावात पोरापोरींनी उपक्रम केला, कॉलेजच्या पोरींनी म्हाताऱ्या बायांकडून गौराईची न झोक्यावरची गाणी शिकायची आणि पारावर कार्यक्रम करायचा. कल्पना झकास, पण माझ्या मते वाया गेली. आज्या शाल घेऊन खुर्चीत गप्प, पोरी मोबाईलमध्ये बघून गातायत आणि भाषणं गाण्यांपेक्षा लांब. वर समोरच्या गल्लीतल्या पोरींना शिव्या घालायची गाणी पाहुणे येणार म्हणून गाळली. आखाजीतून शिव्या काढल्या तर राहतं काय?

रोटवाली:
साफ चूक बोलताय भाऊ. कार्यक्रम ठरला म्हणून तर पोरी आल्या, नाहीतर कोण येतंय? तालीम आमच्याच ओसरीवर व्हायची. पहिल्या दिवशी सासूबाई "माले काय येस पोरी" म्हणून आत निघून गेल्या, आणि आठवडाभरात कोणी चाल चुकलं की चुलीपासूनच ओरडायला लागल्या. तुम्ही फक्त शेवटचा दिवस बघितला. आणि असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, मुलाने म्हणजे सोपानदेवांनी वगैरे गाणी उतरवून घेतली नसती तर त्या गेल्यावर 1952 ला पुस्तक कुठून निघालं असतं?

तापीकाठ:
त्यांनी घरात बसून ऐकली हो ताई, बॅनर लावून नाही.

गिरणेचा_पोरगा:
तुम्ही दोघं भांडा, पण आज्या कोणत्या बोलावल्या ते सांगा ना. मोठ्या गल्लीतल्याच ना? आमच्याकडे वहीगायन, म्हणजे आपलं खान्देशी लोकगायन, करणारे बाबा आहेत, रात्र रात्र गायचे, आता खोकला लागतो तरी सुरुवात करून दिली की पुढचं सगळं तोंडपाठ. त्यांच्या दारात कोणी गेलं नाही. आणि जे आले त्यांना शाल-नारळ, साऊंडवाल्याला मात्र आधी अ‍ॅडव्हान्स. म्हाताऱ्यांना शिकवायचे पैसे द्या की, ते पण गुरूच आहेत.

पुण्यातला_खान्देशी:
मला तर उपक्रमच कशाला ते कळत नाही. कानबाईच्या सणाला काय होतं? श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळे भाऊबंद एकत्र येतात, रोटांचा नैवेद्य होतो, रात्रभर जागरण, त्यात पोरं आपोआप शिकायची, कोणी ट्रेनिंग नाही दिलं. आता डीजे लावतात म्हणून आज्यांचा आवाजच ऐकू येत नाही. डीजे बंद करा, झालं काम.

रोटवाली:
पुण्यात बसून डीजे बंद करणं सोपं आहे, इथे येऊन त्या पोरांना तुम्हीच सांगा एकदा 😄 आणि आपोआप शिकायला घरात अहिराणी बोलावी लागते, तुमची मुलं बोलतात का? आमच्याकडेच इंग्लिश मीडियमची नातवंडं आजीला मराठीत उत्तर देतात. गिरणेचा पोरगा यांचं मात्र पटलं, वहीवाल्या बाबांकडे आधीच जायला हवं होतं.

पुण्यातला_खान्देशी:
बोलत नाहीत, खरंय. म्हणून तर गावच्या गणगोतात राहून शिकावं म्हणतोय, आठ दिवसांच्या तालमीने भाषा येत नाही.

रोटवाली:
भाषा नाही आली, पण पोरी अजून संध्याकाळी येतात, कार्यक्रम संपून किती दिवस झाले तरी. त्यांनीच सासूबाईंना व्हॉइस मेसेज पाठवायला शिकवलं, आता त्या सुरतच्या बहिणीला गाणं पाठवतात आणि तिकडून पुढची ओळ येते.

तापीकाठ:
बरं, हे मला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी वहीवाले बाबा पण घ्या, शिव्या पण ठेवा, वर्गणी मी देतो. फक्त मोबाईल बंद.

रोटवाली:
मोबाईल बंद केले तर सासूबाईच चिडतील, त्यांना व्हिडिओ सुरतला पाठवायचाय. आणि वर्गणी द्या म्हणजे द्याच, मी स्क्रीनशॉट काढलाय.