डेस्कटॉपवरचा फोल्डर डिलीट होत नाही, ‘कुड नॉट फाइंड धिस आयटम’

प्रश्न: विंडोज १०. फोल्डर रिकामा आहे, समोर दिसतो. डिलीट केलं की ‘कुड नॉट फाइंड धिस आयटम’. रिनेमही होत नाही. रीस्टार्ट करून झालं.

उत्तर १: एफ२ दाबून कर्सर नावाच्या अगदी शेवटी न्या. तिथे स्पेस किंवा टिंब असणार. एक्सप्लोरर नावाच्या शेवटचं स्पेस-टिंब गाळून फोल्डर शोधतो, म्हणजे भलत्याच नावाचा. तो सापडणार कसा? विनरार (फाइली एकत्र बांधून लहान करणारा प्रोग्राम) असेल तर राइट क्लिक, ‘ॲड टू आर्काइव्ह’, ‘डिलीट फाइल्स आफ्टर आर्काइव्हिंग’ला टिक, ओके. मग तयार झालेली आर्काइव्ह फाइल उडवा.

उत्तर २: विनरार नसेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आरडी (rd, फोल्डर काढायची कमांड), पुढे अवतरणचिन्हांत \\?\ आणि त्याला चिकटून फोल्डरचा पूर्ण पाथ (ड्राइव्हपासूनचा पत्ता). शेवटची स्पेस अवतरणाच्या आतच हवी, इथेच बहुतेकांचं चुकतं. \\?\ लावलं की नाव जसंच्या तसं घेतलं जातं. वनड्राइव्ह बॅकअप चालू असेल तर डेस्कटॉपचा खरा पाथ वनड्राइव्ह फोल्डरमधून जातो, तो आधी बघून घ्या. फोल्डर भरलेला असेल तरच /एस (/s, आतल्या सगळ्यासकट काढ) जोडा, आणि जपून: यातलं काही रिसायकल बिनमध्ये जात नाही.

उत्तर ३: मेसेज ‘फोल्डर इन यूज’ असेल तर दुखणं वेगळं. रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयू टॅब, ‘असोसिएटेड हँडल्स’च्या सर्चमध्ये फोल्डरचं नाव टाका. कोणत्या प्रोग्रामने धरून ठेवलाय ते दिसेल. तो बंद करून डिलीट करा.