शेडसाठी फ्रेमिंग नेलर: हवेवरचा की बॅटरीचा?

ऑस्टिनकर: मागच्या अंगणात १०×१२ फुटांची शेड उभारतोय, सगळी टू-बाय-फोरची (दोन बाय चार इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या लाकडी पट्ट्यांची). गॅरेजात ६ गॅलनचा (हवा दाबून साठवणारा) कॉम्प्रेसर पडून आहे. सांगाडा ठोकायला कुठला नेलर, म्हणजे खिळे मारायची बंदूक, घेऊ? खिळ्यांची पट्टी २१ अंशात तिरकी बसते तो की ३० अंशी?

सुतारपक्षी: कॉम्प्रेसर आहे ना, मग हवेवरचाच घे. मधूनमधून टाकी भरेपर्यंत थांबावं लागेल, एवढंच. बॅटरीवाला जड, शिडीवरून राफ्टर (छपराचे तिरके वासे) ठोकताना खांदा भरून येतो. मी २१ अंशीवाला. खिळ्यांची डोकी पूर्ण गोल, पण पट्टीचे प्लास्टिकचे तुकडे गवतभर उडतात, वेचत बसायचं. टू-बाय-फोरला सव्वातीन इंची खिळा.

ऑस्टिनकर: आणि ट्रिगर?

काकू_हातोडीवाल्या: सिक्वेन्शियलच ठेव रे बाबा, म्हणजे टोक लाकडावर दाबून मग दर खिळ्याला ट्रिगर ओढायचा. बंप फायरमध्ये (ट्रिगर दाबून धरून टोक नुसतं आपटत जायचं) चुकून दुसरा खिळा सुटतो. तळाच्या प्रेशर-ट्रीटेड (कुजू नये म्हणून रसायन मुरवलेल्या) लाकडाला हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) खिळे हवेत, साधे गंजतात. आणि जॉइस्ट हँगरला (जमिनीचे वासे धरणाऱ्या धातूच्या पट्टीला) हा नेलर चालत नाही, त्याचा वेगळा येतो.