मुंबईहून रेल्वेने एका दिवसाची सहल: आई आणि मुलगा दोघांनाही झेपेल असे ठिकाण कोणते?

दादरकर

नमस्कार. नाताळच्या सुट्टीत एक दिवस मुंबईबाहेर जाऊन रात्री आठपर्यंत घरी परतावे आणि जाण्यायेण्याचा प्रवास रेल्वेनेच करावा, असा आमचा विचार आहे. माझ्या आईचे वय 71 आहे. सपाटीवर ती अर्धा तास आरामात चालते, मात्र गुडघ्यांमुळे पायऱ्या उतरणे तिला फार जड जाते. मुलगा 10 वर्षांचा असून त्याला ठिकाणापेक्षा आगगाडीचेच वेड अधिक आहे. दादरला राहत असल्यामुळे मध्य आणि पश्चिम हे दोन्ही मार्ग आम्हाला सारखेच सोयीचे आहेत. माथेरान, भाज्याची लेणी आणि वसईचा किल्ला या तीन नावांवर आम्ही अडलो आहोत. मला रजा मिळू शकते, त्यामुळे वार कोणताही चालेल. आई स्वतःहून कुठे जायचे आहे असे कधी म्हणत नाही. या वेळी तिने ते म्हटले आहे, म्हणून निवड चुकू नये असे मनापासून वाटते.

घाटवाट

मुलाला गाडीचे वेड असेल तर बोरघाटासारखा अनुभव मुंबईच्या आसपास दुसरा नाही. 1863 मध्ये हा घाट रेल्वेसाठी खुला झाला. कर्जत ते लोणावळा या टप्प्यात चढ काही ठिकाणी 37 फुटांना एक फूट इतका तीव्र आहे, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. ती जोडेपर्यंत फलाटावर बटाटावडा घेण्याइतकी उसंत मिळते आणि मुलाला इंजिन जोडताना जवळून पाहता येते. त्यानंतर एकामागून एक बोगदे आणि दरी. सकाळच्या डेक्कन एक्सप्रेसने लोणावळ्याला उतरून पुणे लोकलने पुढच्याच मळवली स्थानकावर गेल्यास भाजे गाव तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकापासून कोरलेल्या या लेण्यांतील चैत्यगृहाचे खांब आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत, कारण कोरणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लाकडी बांधकाम होते. मी तिथे अनेकदा गेलो आहे, आणि दर वेळी त्या खांबांपाशी पाय थबकतात.

शेवटची लोकल

घाटवाट यांचे वर्णन खरे आहे, परंतु प्रश्नातील गुडघ्यांचा उल्लेख त्यांच्या नजरेतून निसटला असावा. भाज्याला गावातून लेण्यांपर्यंत पायऱ्यांची सलग चढण आहे, आणि ज्यांना उतरणे जड जाते त्यांची खरी परीक्षा परतताना होते. शिवाय दुपारच्या वेळी लोणावळा-पुणे लोकल विरळ असतात. एक चुकली की मळवलीच्या फलाटावर बराच वेळ जातो आणि लोणावळ्याहून मुंबईकडे येणारी ठरवलेली गाडीही हातची जाते.

माझ्या मते एका दिवसाच्या सहलीचे ठिकाण शोधताना परतीच्या गाडीपासून मागे हिशेब करावा. संध्याकाळी एक गाडी चुकली तर पुढची किती वेळाने आहे आणि स्थानकापासून ठिकाणापर्यंतचा शेवटचा टप्पा कसा पार होणार, या दोन गोष्टी आधी ठरवाव्यात. या कसोटीवर माथेरानही तुमच्यासाठी अवघड आहे. नेरळहून निघणारी, 1907 मध्ये सुरू झालेली दोन फूट रुंदीच्या रुळांची छोटी गाडी मुलाला वेड लावील यात शंका नाही; पण ती वर पोहोचायला दोन तासांहून अधिक घेते आणि तिच्या फेऱ्या मोजक्याच असतात. एका नाताळात आम्ही उशिरा पोहोचलो, तेव्हा तिकिटे संपली होती. मग टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जावे लागले, तिथून पुढे वाहनांना बंदी असल्यामुळे लाल मातीतून चालावे लागले आणि वर जेमतेम दोन तास मिळाले. माथेरानला मुक्कामानेच जावे.

वसईकर

मी वसईचाच असल्यामुळे माझे मत थोडे घरचे समजावे, पण तुमच्या तिन्ही अटी इथे पूर्ण होतात. सकाळी सगळी गर्दी चर्चगेटकडे जात असते आणि संध्याकाळी विरारकडे. तुम्ही दोन्ही वेळा उलट दिशेने प्रवास कराल. त्यामुळे कामाचा दिवस निवडलात तर आईंना बसायला जागा मिळण्याची शक्यता पुष्कळच अधिक आहे. परतीच्या लोकल सतत असतात, एक गेली तरी काळजी नाही. भाईंदर सोडले की गाडी खाडीवर येते, मध्ये पाणजू बेट लागते. त्या वेळी मुलाला खिडकीशी बसवा.

वसई रोडला पश्चिमेकडे उतरून रिक्षा करावी. किल्ल्यातून रस्ता जात असल्यामुळे रिक्षा आतपर्यंत येते आणि आईंना चढ असा लागत नाही. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली, आणि 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकली. पडक्या चर्चच्या भिंती, नागेश्वराचे मंदिर आणि चिमाजी अप्पांचा पुतळा हे सारे एकाच तटाच्या आत आहे. गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत वसईचेच. 1597 मध्ये नागासाकीला त्यांना मारण्यात आले. आणि ज्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने 31 डिसेंबर 1802 रोजी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, तो तहही वसईचाच. मुलाला तटावर उभे करून हे सांगा. शाळेच्या पुस्तकातील धडा त्याला तिथे निराळा वाटेल.

एक सूचना मात्र करतो. आत जमीन ओबडधोबड असून गवत माजलेले असते, त्यामुळे आईंना रस्त्यालगतच्या अवशेषांपाशीच न्यावे. पाणी आणि डबा बरोबर ठेवावा.

दादरकर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. उलट्या दिशेच्या गर्दीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. येत्या मंगळवारी वसईला जायचे ठरवले आहे. आईला सांगितल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो सुकेळी मिळतील का, असा. लहानपणी तिच्या घरी वसईची वाळवलेली केळी येत असत. बोरघाट पाहायला मात्र मी आणि मुलगा दोघेच फेब्रुवारीत जाऊ.

वसईकर

सुकेळी वसई गावातल्या बाजारात विचारा. हंगामावर अवलंबून असल्यामुळे खात्री देता येत नाही, म्हणून किल्ल्याकडे जातानाच चौकशी करून ठेवा. परतताना उशीर झाला तर दुकाने बंद व्हायची.