मदत हवी आहे: मुलं-पालकांचं एकत्र संगीत सत्र, दहा मिनिटांत नुसता गोंगाट

खर्जातली: आठवड्यातून एकदा तासभराचं सत्र, ९ ते १५ वर्षांची मुलं आणि पालक मिळून २० जण. सहा जेंबे (हाताने वाजवायचे आफ्रिकी ढोल), दोन ढोलकी, चार खंजिऱ्या, एक हार्मोनियम. खोली रिकामी, खाली फरशी. मोकळं वादन सुरू झालं की लय चढत जाते. एक मुलगा कान झाकून बाहेर पळतो. १३-१४ चे मुलगे गाताना तोंडच उघडत नाहीत. आणि पत्रकावर 'संगीतोपचार' असं लिहावं का?

सम_चुकली: वाद्यं फार झाली. एका वेळी तीन जेंबे आणि एक ढोलकी पुरे, बाकीच्यांनी टाळ्या आणि मांडीवर थाप. दर फेरीला वाद्यं पुढे सरकवायची. जेंबे तिरका धरून तळ मोकळा ठेवा. जमिनीवर सपाट टेकवला की घुमारा कोंडतो आणि मुलं तो काढायला अजून जोरात बडवतात. खाली सतरंज्या, समोरासमोरच्या दोन भिंतींवर जाड चादरी. उघड्या भिंतींवरून आवाज परत येतो, मग शेजाऱ्याचा ठोका नीट ऐकूच येत नाही आणि जो तो आपली लय धरतो.

वाजवण्याआधी थांबणं शिकवा: हात वर, चार मात्रांत सगळं बंद. पहिली पाच मिनिटं फक्त हेच. मग ठेका मिनिटाला ९० ते १०० मात्रांचा. ६० वर ठेवला तर मुलं मधल्या जागा भरायला लागतात. ठेका एकाच शांत मोठ्या माणसाकडे, सगळ्यात उत्साही मुलाकडे मुळीच नको! चार मात्रा तुम्ही, चार मात्रा गट. मोकळं वादन तिसऱ्या-चौथ्या सत्रानंतर.

कानसेन: कान झाकणाऱ्या मुलाला 'सवय होईल' म्हणू नका. कामाच्या जागी मोठ्या माणसांसाठी ८५ डेसिबल जास्तीत जास्त आठ तास ही शिफारस आहे. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. मुलांसाठी त्याहून बरंच खाली राहा. मोबाइलवरचं मापक ढोबळच, पण उपयोगी. त्या मुलाची जागा दाराजवळ, कानावर इअरमफ, आणि थांबण्याची खूण त्याच्याच हातात द्या.

काळी_तीन: त्या मुलग्यांचा आवाज फुटतोय. खर्ज (फार खालचे) किंवा तार (फार वरचे) स्वर काढायला लावलं की ते गप्प होणारच. सा काळी तीनवर (सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीवर) घ्या, म्हणजे हार्मोनियमच्या फक्त काळ्या पट्ट्यांत भूप रागाचे पाचही स्वर मिळतात. कुणाचं बोट कुठेही पडलं तरी कानाला टोचत नाही. गायला मधले ग, प, ध एवढेच तीन स्वर द्या. ते लहान मुलांना, आयांना आणि आवाज फुटणाऱ्यांनाही बहुधा झेपतात. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्याकडे ठेका द्या आणि विषय सोडा.

कानसेन: पत्रकाबद्दल: 'सामूहिक संगीत सत्र' लिहा. उपचार म्हटलं की प्रशिक्षित थेरपिस्ट, प्रत्येकाचं मूल्यांकन, ठरवलेलं उद्दिष्ट आणि नोंदी आल्या. त्यांच्याकडचं एक तत्त्व मात्र उचलण्याजोगं आहे, १९४० च्या दशकात अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ इरा अल्टशुलर यांनी मांडलेलं: गट ज्या मनःस्थितीत आहे तिथूनच संगीत सुरू करायचं. दंगा करत आलेल्या मुलांना आल्याआल्या संथ आलाप नको.

खर्जातली: मग शेवट संथ कसा करायचा? लय उतरवली की सगळे विस्कटतात.

सम_चुकली: आधी वाद्यं कमी करा, लय तीच ठेवून. ढोलकी बंद, मग जेंबे, मग टाळ्या. फक्त मांडीवरची थाप उरली की मग ७० पर्यंत उतरा.