'बातमी तयार करा' म्हणजे नेमके काय करा?

धरमपेठकर : काल येथे एका गृहस्थांनी लिहिले की, 'माध्यम साक्षरता', म्हणजे बातमी खरी की खोटी हे पारखायला शिकवणे, हे नवे खूळ असून मुलांचे शुद्धलेखन पक्के केले की बाकीचे आपोआप येते. एका ओळीत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत 80 पैकी 24 गुण उपयोजित लेखनाला असतात आणि त्यात बातमीलेखनही येते. शाळेत मराठी भाषा गौरव दिन साजरा झाला, एवढ्या एका ओळीवरून बातमी तयार करायला सांगतात. मग प्रमुख पाहुण्यांचे नाव, त्यांचे भाषण, टाळ्यांचा कडकडाट, सगळे मूल मनाने रचते. शीर्षक, दिनांक आणि ठिकाण जागच्या जागी असले की त्याची शाबासकी पक्की. न झालेल्या समारंभात कोण काय म्हणाले, हे निर्दोष ऱ्हस्वदीर्घांसह लिहिणाऱ्या मुलाला आपण बातमी शिकवली, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

निवृत्त शिक्षिका, महाल : परीक्षेला बसलेल्या मुलाने पाहुण्यांना दूरध्वनी करून खातरजमा करावी, अशी आपली अपेक्षा आहे काय? तो प्रश्न मांडणी तपासतो. आठवीतल्या मुलाला पाच वाक्यांचा सलग परिच्छेद जमत नाही, हे मी वर्गात पाहिले आहे. त्याला आधी वाक्य येऊ द्या, स्रोत नंतर तपासू.

सक्करदऱ्याचा वाचक : बाई, वाक्य येणाऱ्यांचेच तर अवघड आहे. सप्टेंबर 2023 मध्ये आपल्या नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, त्या दिवशी आमच्या घरच्या गटावर वाहून जाणाऱ्या बसची चित्रफीत आली. खालचा मजकूर इतका शुद्ध होता की तुम्ही पैकीच्या पैकी दिले असते. नववीतल्या भाचीने चित्र थांबवले आणि मागच्या रिक्षाची पाटी मोठी करून पाहिली, तर क्रमांक 'केएल'ने, म्हणजे केरळच्या अक्षरांनी, सुरू होत होता. इथली रिक्षा एमएच 31 किंवा 49 असायला हवी ना? घरातल्या दोन पदवीधरांनी तोवर ती पुढे पाठवली होती.

एक पालक, त्रिमूर्तीनगर : चित्रफिती राहू द्या, शाळेच्या प्रकल्पांचे बोला. मुलाच्या वर्गात नागपूर कराराचा, म्हणजे विदर्भ मराठी राज्यात सामील करण्याबाबतच्या कराराचा, प्रकल्प दिला होता. दुकानात तयार मिळणाऱ्या प्रतीत करार 1960 सालचा छापला होता आणि निम्म्या वर्गाने तोच उतरवला. करार 28 सप्टेंबर 1953 चा. 1960 साली महाराष्ट्र राज्य झाले. सर्वांना 'उत्तम' शेरा मिळाला, कारण पान उलटून पाहायला कोणाला सवड होती?

निवृत्त शिक्षिका, महाल : आणि ती प्रत दुकानातून आणून कोणी दिली? आठवीच्या मुलाने? आदल्या रात्री सीताबर्डीला गाडी काढणारे पालकच असतात, आणि मुलाने स्वतःच्या वाकड्या अक्षरात लिहिले तर 'इतरांचे रंगीत आहे' म्हणून शाळेत भांडायला येणारेही तेच!

एक पालक, त्रिमूर्तीनगर : रंगीत मुखपृष्ठाला गुण देणे शाळेने थांबवावे, आम्ही दुकानात जाणे थांबवू. माहिती कुठून घेतली, हे एका ओळीत लिहायलासुद्धा कोणी सांगितले नव्हते.

निवृत्त शिक्षिका, महाल : मतदार याद्यांसाठी दारोदार फिरून आलेल्या माणसाने साठ प्रकल्प वाचावेत, हे म्हणायला सोपे आहे. एकदा उन्हाळ्यात हिंडून पाहा, मग शेऱ्यांवर बोला.

धरमपेठकर : बाई, मतदार याद्यांच्या त्या बीएलओच्या (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या) कामाबद्दलचा आपला राग रास्त आहे, परंतु त्याने माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण शाळेच्याच हातात असतात. त्यात शाळेत खरोखर झालेल्या कार्यक्रमाची बातमी लिहून घ्यावी. मुलाने हजर असलेल्या दोघांना विचारावे, त्यांचे म्हणणे जुळले नाही तर तेही लिहावे. याला कोणता नवा विषय लागतो?

निवृत्त शिक्षिका, महाल : ठीक आहे. इतकी वर्षे शिकवून जे सुचले नाही, ते धरमपेठेत बसून सुचले, याबद्दल अभिनंदन. माझ्या जुन्या शाळेत ही सूचना मी स्वतः मांडते. तपासायला मात्र आपण यावे. लाल शाईचे पेन शाळा देईल.