श्रोत्यांच्या मासिक वर्गणीवर स्वतंत्र संगीतकाराने भिस्त ठेवावी का?

प्रश्न – पंचगंगाकाठ

मी कोल्हापुरात राहतो. स्वतः लिहिलेल्या मराठी गाण्यांना स्वतःच चाली लावतो, घरातल्या एका खोलीत ती ध्वनिमुद्रित करतो आणि यूट्यूबवर प्रसिद्ध करतो. घर चालते ते मात्र गिटारच्या शिकवण्यांवर. मध्यंतरी राजारामपुरीतल्या एका छोट्या कार्यक्रमानंतर गिटारच्या पेटीवर चिकटवलेला क्यूआर कोड पाहून काही श्रोत्यांनी वीस-पन्नास रुपये पाठवले. एका गृहस्थांनी तर पैशांसोबत ‘दुसरे कडवे पुन्हा लिहा’ असा निरोपही धाडला. त्याच सुमारास एका संगीत कंपनीने माझ्या आठ गाण्यांचे सर्व हक्क एकरकमी मोबदल्यात मागितले आहेत. रक्कम बरी आहे, परंतु हक्क कायमचे जाणार. कंपनीला नकार देऊन श्रोत्यांकडून दरमहा वर्गणी घ्यावी, असा विचार मनात घोळत आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर – कलमबहाद्दर

सही करण्यापूर्वी करारनामा शांतपणे वाचावा, आणि ‘कायमस्वरूपी, जगभरात, सर्व माध्यमांसाठी’ असे शब्द जिथे असतील तिथे पेन्सिलने खूण करावी. आपला 1957 चा कॉपीराइट कायदा या बाबतीत कलावंताच्या बाजूने बराच बोलतो, पण करारात उलट लिहून दिले की त्यातील काही संरक्षण हातचे जाते. हक्क किती काळासाठी दिले हे करारात नमूद नसेल, तर कलम 19 नुसार ती मुदत पाच वर्षे धरली जाते. प्रदेश नमूद नसेल तर हस्तांतरण भारतापुरते मानले जाते. घेणाऱ्याने एका वर्षात हक्क वापरलेच नाहीत, तर तेही संपुष्टात येतात, मात्र करारात वेगळे ठरले नसेल तरच. म्हणजे कंपन्या ‘कायमस्वरूपी’ हा शब्द हौसेने घालत नाहीत.

2012 च्या दुरुस्तीने मिळालेले एक संरक्षण मात्र सही करूनही जात नाही. ध्वनिमुद्रिकेतील गीताचा लेखक आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातील (रॉयल्टीतील) समान वाटा वारसांखेरीज किंवा कॉपीराइट संस्थेखेरीज कोणाच्या नावे करता येत नाही आणि तो सोडून देण्याचा करारही टिकत नाही. आपण तर गीतकारही आहात आणि संगीतकारही. एकरकमी रकमेत ‘सर्व काही आले’ असे कंपनी म्हणत असेल, तर हे कलम तिच्यापुढे ठेवावे. माझे मत विचाराल तर आठही गाणी देऊ नका. एखादे गाणे ठरावीक वर्षांसाठी द्या आणि कंपनी त्याचे काय करते ते पाहा.

उत्तर – हिशेबनीस

हक्कांबाबत वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु वर्गणीविषयी थोडे थंड डोक्याने बोलू या. केविन केली या अमेरिकी लेखकाने 2008 मध्ये मांडले होते की, वर्षाला शंभर डॉलर देणारे हजार निस्सीम चाहते असले की कलावंताचे पोट भरते. हा आकडा डॉलरचा आहे हे आपले लोक विसरतात. मराठी श्रोता महिन्याला शंभर रुपये देईल असे गृहीत धरले, तर तीनशे जणांचे तीस हजार होतात. आणि तीनशे जणांनी खरोखर दरमहा पैसे देणे ही गोष्ट तीस हजार व्ह्यूजपेक्षा पुष्कळ अवघड आहे.

तरी ही वाट नवीन नाही. मॅरिलियन या ब्रिटिश बँडच्या चाहत्यांनी 1997 मध्ये आपणहून साठ हजार डॉलर गोळा करून त्यांचा अमेरिकेचा दौरा घडवून आणला. चाहत्यांकडून कलावंतांना नियमित वर्गणी मिळवून देणारे पॅट्रिऑन हे संकेतस्थळ 2013 मध्ये सुरू झाले, तेही जॅक काँटे या संगीतकाराच्या गरजेतून. आपल्याकडे खरी अडचण पैसे कापून घेण्याची असते. ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरील आवर्ती (ठरावीक काळाने आपोआप होणाऱ्या) व्यवहारांना रिझर्व्ह बँकेचे कडक नियम लागू झाल्यावर परदेशी संकेतस्थळांवरील अनेक वर्गण्या अडकल्या. त्यामुळे गावातल्या श्रोत्यासाठी यूपीआय ऑटोपे अधिक सोयीचे, कारण त्याला ते हवे तेव्हा आपल्या मोबाइलवरूनच थांबवता येते आणि म्हणून तो सुरू करायलाही कचरत नाही. परदेशातील मराठी मंडळींसाठी बँडकॅम्प हे श्रोत्यांना थेट गाणी विकण्याचे संकेतस्थळ ठेवावे. डिजिटल विक्रीवर ते साधारण पंधरा टक्के घेतात, तर यूट्यूब सदस्यत्वातून तीस टक्के जातात. शिकवण्या इतक्यात सोडू नयेत.

उत्तर – षड्ज

पैशांचे गणित झाले. आता त्या ‘दुसरे कडवे पुन्हा लिहा’कडे वळतो, कारण मला मूळ प्रश्न तिथे दिसतो. वर्गणी देणाऱ्याला आपला शब्द चालावा असे वाटणे स्वाभाविक आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी गायक उस्ताद अल्लादिया खाँसाहेब होते, तेव्हा आश्रयदाता एकच होता आणि जाणता होता. पण 1922 मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेबांना पुढे मुंबई गाठावी लागली. तीनशे आश्रयदाते असतील तर एकाच्या जाण्याने घर बसत नाही, हा त्यातला मोठा फायदा. तोटा असा की तीनशे जणांच्या आवडीनिवडी तुमच्या खोलीत येऊन बसतात.

म्हणून वर्गणीच्या बदल्यात ‘दरमहा एक नवे गाणे’ असे वचन कधीही देऊ नका. चाल पिकायला वेळ लागतो, आणि महिनाअखेर जवळ आली की हात नेहमीच्याच तीन कॉर्ड्सकडे वळतो. श्रोत्यांना कच्च्या चाली ऐकवा, खोडलेल्या ओळींच्या वहीची छायाचित्रे दाखवा, वर्षातून एकदा वर्गणीदारांसाठी छोटी बैठक करा. देवल क्लबसारखी 1883 पासूनची संगीत संस्था ज्या गावात आहे, तिथे बैठकीला बसून ऐकणारा श्रोता शोधावा लागत नाही. अर्धवट गाणे ऐकवताना मात्र त्यावर मते मागू नयेत. ती आपोआप येतातच.

उत्तर – कलमबहाद्दर

एक राहिले. आयपीआरएस या स्वामित्वधन गोळा करून वाटणाऱ्या कॉपीराइट संस्थेचे सदस्यत्व गीतकार आणि संगीतकार अशा दोन्ही नात्यांनी घ्यावे, म्हणजे आपली गाणी इतरत्र वाजली तर वाटा येण्याची सोय होते. कार्यक्रमात अभंग गात असाल तर तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, परंतु प्रसिद्ध चालीचा संगीतकार जाऊन साठ वर्षे झाली नसतील तर ती चाल अजून कोणाच्या तरी मालकीची आहे. वर्गणीदारांसाठी अभंग ध्वनिमुद्रित करायचा असेल, तर त्याला स्वतःची चाल लावावी.